प्रसाद नाकारणे आणि डबा नाकारणे

वाचकाचे पत्र : मी ५१ वर्षांची असून नागपूरच्या मानेवाडा भागातील एका फ्लॅट स्कीममध्ये राहते. घरून डबे देते. समोरच्या फ्लॅटमध्ये तीन वर्षांपासून एक शिक्षिका मॅडम राहतात. त्यांचे कुटुंब बौद्ध आहे. आमचे चांगले जमत असे. मागच्या भाद्रपदात आमच्याकडच्या महालक्ष्म्यांच्या जेवणाचे ताट मी त्यांच्या दारी नेले. त्यांनी हात जोडून सांगितले, ‘काकू, प्रसाद म्हणून मी घेऊ शकत नाही, राग मानू नका, एरवी तुमच्या हातचे काहीही खाईन.’ ताट घेऊन मी परत आले. फार लागले. तेव्हापासून मी त्यांना टाळते. त्यांची गाडी गेल्याचा आवाज आला की मगच दार उघडते, लिफ्टमध्ये त्या असल्या तर जिन्याने जाते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांना सोडून स्कीममधल्या सगळ्यांना बोलावले. एप्रिलमध्ये त्यांचे ऑपरेशन झाले तेव्हा त्यांच्या यजमानांनी पंधरा दिवसांसाठी डबे मागितले. ‘सध्या जागा नाही,’ असे मी सांगितले. त्याच आठवड्यात मी दोन विद्यार्थ्यांचे नवे डबे घेतले होते. माझी मुलगी कायद्याचे शिक्षण घेते. ती म्हणाली, ‘आई, हा सरळ भेदभाव आहे.’ मी कोणाला वाईट बोलले नाही, फक्त टाळले. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या महानुभावी काकूही प्रसाद घेत नाहीत, पण त्यांची गोष्ट वेगळी, त्या आपल्यातल्याच. मला एवढेच विचारायचे आहे, की त्यांनी माझा प्रसाद नाकारला तो भेदभाव नाही आणि मी डबा नाकारला तो भेदभाव, हे कसे?

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात ते परत आलेले ताटच डोळ्यांसमोर राहिले, आणि ज्या घरात महालक्ष्म्या बसतात त्या घरातल्या कोणालाही ते तसेच दिसेल. तीन दिवसांची धावपळ, सोवळ्यातला स्वयंपाक, सोळा भाज्या निवडणे-चिरणे, पुरण शिजवून वाटणे, आंबील, वर बांधलेला फुलोरा, आणि एवढे सगळे झाल्यावर स्वतःच्या तोंडी घास जाण्याआधी ज्या दारी आपण आपुलकीने ताट घेऊन गेलो, तेथून ते तसेच झाकून परत आणावे लागणे. हे दुःख खोटे नाही आणि लहानही नाही. त्यामुळे तुम्हाला वाईट वाटले यात काही चुकले, असे मी म्हणणार नाही. वाईट वाटल्यानंतर जे घडत गेले त्याबद्दल मात्र मला बरेच काही सांगायचे आहे.

आधी मॅडमनी नेमके काय नाकारले ते पाहू. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, आपल्याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्या वेळी बावीस प्रतिज्ञा दिल्या. दीक्षाभूमीवर त्या कोरलेल्या आहेत. तुमच्या घरापासून ते ठिकाण काही फार लांब नाही. एकदा जाऊन तिसरी प्रतिज्ञा वाचा. गौरी-गणपती इत्यादी देवदेवतांना देव मानणार नाही आणि त्यांची उपासना करणार नाही, असा तिचा आशय आहे. आपण वऱ्हाडात आणि नागपुरात ज्यांना महालक्ष्म्या म्हणतो, त्याच या गौरी. म्हणजे तुम्ही ज्या ताटात सगळी माया ओतून गेला होता, ते ताट ज्या देवतेच्या नावाने वाढलेले होते, तिचे नाव घेऊन मॅडमच्या घराने प्रतिज्ञा केलेली आहे. त्यांच्या जागी तुम्ही असता आणि तुमच्या एकादशीच्या दिवशी कोणी प्रेमाने पोळी-भाजीचे ताट आणले असते, तर तुम्हीही हातच जोडले असते.

त्यांनी तर त्याच वाक्यात पुढे सांगितले, की एरवी तुमच्या हातचे काहीही खाईन. हे अर्धे वाक्य तुम्ही पत्रात प्रामाणिकपणे लिहिले आहे, पण त्या दिवशी ते तुमच्या कानांपर्यंत पोहोचले नसावे. आपल्याकडे ‘तुमच्या हातचे खाईन’ या शब्दांना किती वजन आहे, हे वेगळे सांगायला नको. कित्येक पिढ्या या प्रदेशात कोणी कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या हातचे खाऊ नये यावरच माणसाची पायरी ठरत आली, आणि ज्यांच्या हातचे पाणीसुद्धा चालत नसे, त्यांच्या घरातली एक सुशिक्षित स्त्री तुम्हाला सांगते, की माझा नकार तुमच्या हाताला नाही. आपल्या संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदात सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य असा शब्दप्रयोग आहे; तुम्ही महालक्ष्म्या बसवता ते त्याच स्वातंत्र्याखाली, आणि त्या प्रसाद घेत नाहीत तेही त्याच स्वातंत्र्याखाली. तो भेदभाव नव्हे. उपासनेतून त्यांनी स्वतःला बाजूला ठेवले. तुम्हाला कोणत्याही गोष्टीपासून दूर ठेवले नाही.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच त्यात लिहून ठेवले आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या महानुभावी काकूही प्रसाद घेत नाहीत, असे तुम्ही म्हणता. चक्रधर स्वामींचा हा पंथ विदर्भाच्या मातीतला. या पंथाच्या तीर्थस्थानी, रिद्धपूरला, जाणारी कितीतरी घरे आपल्या आसपास आहेत, आणि परमेश्वराखेरीज इतर देवतांची उपासना करायची नाही, त्यांचा प्रसाद घ्यायचा नाही, हा त्यांचा आचार आपण सगळे लहानपणापासून पाहत आलो आहोत. काकूंनी प्रसाद घेतला नाही तेव्हा तुम्हाला लागले नाही. त्यांच्यासाठी तुम्ही जिन्याने खाली उतरला नाहीत. संक्रांतीला सगळ्यांना बोलावले त्यात त्या होत्याच, आणि उद्या त्यांनी डबा मागितला तर जागा निघेल, अशी माझी खात्री आहे. दोघींनी कृती तीच केली आणि कारणही तेच, स्वतःच्या श्रद्धेचे, सांगितले. एकीचे वागणे तुम्ही तिच्या पंथाचा नियम म्हणून समजून घेतले आणि दुसरीचे वागणे स्वतःचा अपमान म्हणून. मधल्या फरकाला तुम्ही नावही दिले आहे : ‘त्या आपल्यातल्याच.’

ताई, हे दोनच शब्द एकदा मोठ्याने वाचून पाहा. मी तुमच्या मनात शिरून काही सांगत नाही, आणि तुम्ही जातीचा उल्लेख केलेला नाही तेव्हा मीही तो तुमच्या तोंडी घालणार नाही. पण या शहरात मी पन्नासहून अधिक वर्षे राहिले आहे आणि ‘धर्म वेगळा पडतो हो’ असे म्हणताना बोलणाऱ्याला पुष्कळदा धर्माबद्दल बोलायचेच नसते, हे मी फार वेळा पाहिले आहे. भाड्याने फ्लॅट पाहायला आलेल्या माणसाला आधी नाव आणि लगेच आडनाव विचारले जाते, आणि आडनाव ऐकल्यावर ‘कालच एकाला शब्द दिला’ असे उत्तर येते, तेव्हा घरमालकाला समोरच्याच्या उपासनेत रस नसतो. तुमच्या मनात असे काही नसेलही. ते आहे की नाही, हे मात्र तुम्हालाच तपासावे लागेल, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू त्यासाठी चांगले परिमाण आहेत.

‘मी फक्त टाळले’ असे तुम्ही लिहिले आहे, जणू टाळणे ही एकच एक गोष्ट आहे. तुमच्या पत्रात मला तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात आणि त्यांना एकच माप लावता येणार नाही.

मैत्री ही ज्याची त्याने द्यायची गोष्ट आहे. तुम्ही कोणाच्या घरी बसायला जावे, दुपारचा चहा कोणाबरोबर घ्यावा, मनातले कोणापाशी बोलावे, हे ठरवण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि यात कोणताही कायदा येत नाही, येऊही नये. मॅडमनी तुमच्या देवांची टिंगल केली असती, किंवा नको म्हटल्यावरही आपलाच मार्ग कसा खरा हे तुम्हाला रोज ऐकवले असते, तर चार हात लांब राहा, असाच सल्ला मी दिला असता. माणसाच्या वागण्यामुळे त्याच्यापासून दूर होणे आणि तो जो आहे त्यामुळे दूर होणे, यांत फार अंतर आहे. मॅडमच्या वागण्यात दूर होण्याजोगे काही घडल्याचे तुमच्या पत्रात मला सापडले नाही.

हळदीकुंकवाचे थोडे अवघड आहे. घरच्या समारंभाला कोणाला बोलवावे हा घरचाच प्रश्न, आणि धार्मिक कार्यक्रमाला त्या आल्या नसत्या असेही तुम्ही म्हणू शकाल. पण तुम्ही निवडक चार जणींना बोलावले असते तर ती गोष्ट निराळी होती. तुम्ही एकच दार सोडून सगळ्या दारांवर टकटक केली, आणि ते दार तर तुमच्या दारासमोरचेच होते. त्या संध्याकाळी त्यांच्या दारापुढून नटूनथटून बायका तुमच्याकडे येत होत्या, वाण घेऊन परत जात होत्या, जिन्यावर ‘तिळगूळ घ्या’ चालले होते आणि आत त्यांची मुले हे ऐकत होती. याला कोणी गुन्हा म्हणणार नाही. मात्र एकाला वगळणे हे नुसत्या न बोलावण्यापेक्षा वेगळे असते आणि ते सगळ्या स्कीमला कळते. उद्या स्कीमच्या बैठकीत मॅडमनी पाण्याच्या मोटरबद्दल काही सांगितले आणि कोणी लक्षच दिले नाही, तर त्याची सुरुवात या संध्याकाळीही झालेली असू शकेल. लिफ्ट सोडून जिन्याने जाण्याचेही तसेच. तुम्हाला वाटते कोणाला दिसत नाही. ज्याला टाळले जाते त्याला ते पहिल्या दिवसापासून दिसते.

डब्याचे मात्र अवघड नाही आणि तेथे तुमच्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे. डबा ही तुमची मैत्री नाही, तो तुमचा व्यवसाय आहे. जो पैसे देईल आणि वेळेवर रिकामा डबा परत करील त्याला तो मिळतो, मग तो विद्यार्थी यवतमाळचा असो की बालाघाटचा, आणि त्याचा देव कोणता हे तुम्ही त्याला विचारत नाही. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाचा पहिला भाग शासनाला बांधतो, पण दुसरा भाग नागरिकांच्या आपसातल्या व्यवहाराबद्दल बोलतो : केवळ धर्म, जात, लिंग अशा कारणांवरून दुकाने, उपाहारगृहे यांसारख्या ठिकाणी कोणाला मज्जाव करता येणार नाही. १९४८ च्या नोव्हेंबरात संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली तेव्हा ‘दुकान’ या शब्दात काय काय येते, असा प्रश्न निघाला होता. डॉ. आंबेडकरांनी तो शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा असल्याचे सांगितले; ठरलेल्या अटी मान्य करणाऱ्याला जो आपली सेवा देऊ करतो, तो त्यात येतो, असा त्यांचा खुलासा होता. त्या अर्थाने तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी हेही दुकानच आहे.

मुलगी कायदा शिकते म्हणून थोडे पुढचेही सांगते, घाबरवण्यासाठी नव्हे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने आज ओळखला जाणारा १९५५ चा कायदा, इतरांना ज्या अटींवर आपण वस्तू वा सेवा देतो त्या अटींवर ती अस्पृश्यतेच्या कारणाने नाकारणे हा गुन्हा मानतो. अत्याचार प्रतिबंधाच्या १९८९ च्या कायद्यात २०१५ मध्ये जी दुरुस्ती झाली तिने सामाजिक आणि आर्थिक बहिष्काराची व्याख्याच दिली आहे, आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तीशी एरवी सगळ्यांशी ठेवतो तसे व्यवहार वा संबंध न ठेवणे हे त्या व्याख्येत येते. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना हे संरक्षण आहे, कारण १९९० पासून धर्मांतरानंतरही त्यांचा अनुसूचित जातीचा दर्जा कायम राहतो. तुमच्यावर उद्या कोणी तक्रार करील असे मी सुचवत नाही, आणि मॅडमचा स्वभाव पाहता त्यांच्या मनातही ते येणार नाही. मला एवढेच दाखवायचे आहे, की ज्याला तुम्ही ‘फक्त टाळणे’ म्हणता त्याची दखल कायदा करणाऱ्यांना घ्यावीशी वाटली, आणि तसे वाटण्यामागे टाळले गेलेल्या लाखो माणसांचे आयुष्य होते.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या एप्रिलच्या पंधरवड्याचा विचार करा. नागपूरचा एप्रिल, अकरापासूनच रस्ते ओस. घरातली बाई टाके पडलेल्या पोटाने अंथरुणावर, यजमानांची नोकरी, दोन मुले. समोरच्या दारातून रोज सकाळी फोडणीचा वास येतो, डब्यांच्या पिशव्या खाली जातात, आणि आपल्यासाठी तेवढी जागा नाही. ‘एरवी तुमच्या हातचे काहीही खाईन’ हे मॅडमचे शब्द त्या पंधरा दिवसांत खरे व्हायची वेळ आली होती. त्यांनी ते पाळले, म्हणून तर यजमानांनी गावातल्या इतर मेस सोडून तुमचे दार वाजवले.

तुम्ही लिहिता, की मी कोणाला वाईट बोलले नाही. त्यावर मला माझ्या आजीबद्दल सांगावेसे वाटते. माझे बालपण नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात गेले. मागच्या अंगणाच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात एक पितळी पेला पालथा घातलेला असे. त्याच्या काठाला एका बाजूने पोचा आलेला होता. लाकडे फोडायला, अंगण झाडायला जी माणसे येत त्यांना त्याच पेल्यात, वरून धार धरून, पाणी मिळे, आणि पिऊन झाल्यावर त्यांनीच तो विसळून कोनाड्यात पालथा घालायचा असे. आजीने त्या माणसांबद्दल कधी एक वाकडा शब्द उच्चारला नाही. उन्हाळ्यात पाण्याबरोबर ती गुळाचा खडा देई, पोराबाळांची चौकशी करी. तिच्या मनात द्वेष नव्हता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा खेळून आले आणि तहान लागली म्हणून तोच पेला उचलून ओठांना लावला. आजीने धावत येऊन तो माझ्या हातातून काढून घेतला. त्याही वेळी ती काही बोलली नाही. अंगणात झाडू घेऊन उभ्या असलेल्या बाईंनी आमच्याकडे पाहिले आणि मग मान खाली घालून त्या झाडू लागल्या. ती खाली गेलेली मान मी विसरू शकलेले नाही. कोणी काहीच वाईट बोलले नव्हते.

म्हणून माझा सल्ला असा आहे. उद्या-परवा संध्याकाळी, मॅडम शाळेतून आल्यावर, रिकाम्या हाताने त्यांच्या दारी जा. काही खायला घेऊन जाऊ नका. ताटाच्या आड बोलणे सोपे जाते, आणि हे बोलणे सोपे करायचे नाही. महालक्ष्म्यांच्या दिवसापासून सुरुवात करू नका, कारण मग ते गाऱ्हाणे होईल आणि त्यांनाच तुमची समजूत काढावी लागेल. डब्यापासून सुरुवात करा. ‘जागा होती, मी दिला नाही, माझे चुकले,’ एवढे सांगा. त्या दोन विद्यार्थ्यांचे डबे त्याच आठवड्यात घेतले होते हेही सांगा, कारण त्यांना ते बहुधा ठाऊक आहे. त्या कदाचित ‘जाऊ द्या काकू’ म्हणतील, कदाचित आत बोलावतील, कदाचित नुसते ‘बरं’ म्हणून दार लावून घेतील. यांपैकी काहीही झाले तरी ते मान्य करून परत या. आठ-नऊ महिने ज्यांनी हे सोसले त्यांना लगेच मोकळे होण्याची सक्ती नाही. पण दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्या असतील तर जिन्याकडे वळू नका.

मैत्री पूर्वीसारखी होईल की नाही, हे आज सांगता येत नाही आणि झालीच पाहिजे असेही नाही. शेजारी म्हणून नमस्कार, आजारपणात विचारपूस आणि पैसे देऊन मागितलेला डबा, एवढे मात्र ठरलेले असू द्या. पुढे एखाद्या रविवारी, कोणताही सण नसताना, वडाभात केलात तर एक वाडगा समोर पाठवा आणि त्यांनी सांगितलेले ते उरलेले अर्धे वाक्य खरे होते की नाही ते स्वतः पाहा.

आणि येत्या भाद्रपदात ताट नेण्याआधी विचारा. मूर्तींपुढे ठेवलेले त्यांना चालणार नाही हे आता ठाऊक आहे. तेव्हा ‘विसर्जन झाल्यावर दुसऱ्या दिवशी ताज्या पुरणपोळ्या केल्या तर मुले खातील का?’ असे दारात उभे राहून विचारा, आणि त्या जे उत्तर देतील तसे करा.